बुधवारची भुर्जी

आमच्या परमिट रूममध्ये मी पुढच्या दाराने पहिल्यांदा शिरले, तेव्हा मला सदुसष्टावं लागलं होतं... आणि शिरता शिरताच मी एका माणसावर आदळले.

“अहो, जपून!” त्याने माझं कोपर धरलं आणि चटका बसल्यासारखं लगेच सोडलं. “इथे एक पायरी खाली आहे. नवीन माणसाला कळत नाही.”

“माझीच पायरी आहे ती.”

“तुमची?”

“पायरी माझी, दार माझं, वरची पाटीसुद्धा माझीच.”

त्याने मान वर केली. ‘हॉटेल सुरभी – परमिट रूम व गार्डन’. सिनेमावाल्यांनी ती पाटी आदल्या दिवशी नव्याने रंगवली होती आणि मग ती जुनी दिसावी म्हणून दोन माणसं दिवसभर ती पॉलिश पेपरने घासत बसली होती.

“कमाल आहे,” तो म्हणाला. “पंधरा वर्षं येत होतो मी इथे. तुम्हाला कधी पाहिलं नाही.”

“दिसू नये अशीच सोय होती.”

तो हसला. उंच, काटक, पांढरे केस मागे वळवलेले, खिशाला पेन आणि पेनाशेजारी सहा इंची स्टीलची पट्टी. सिनेमाच्या शूटिंगला पट्टी घेऊन कोण येतं? मी आत गेले खरी, पण हॉल पाहायचा सोडून माझी नजर त्या पट्टीकडेच जात राहिली. मार्चची धूळ, ताज्या रंगाचा वास, बाहेर जुन्या हायवेवरून जाणारे ट्रक... आणि माझं काळीज उगाचच पळायला लागलेलं.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. सुरभी आकुर्डीत, हायवेला लागून. सासरे उद्धवराव यांनी ऐंशी साली काढली. पुढे हॉल, मागे स्वयंपाकघर, त्याच्या मागे आमचं घर. मी लग्न होऊन आले आणि दुसऱ्या महिन्यात आचारी पळाला. त्या दिवसापासून सुरभीतला सगळा चकणा, म्हणजे भुर्जी, मसाला पापड, तळलेले शेंगदाणे, माझ्या हातचा. पण ही गोष्ट घराबाहेर कुणाला माहीत नव्हती. सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “सुनंचं तोंड गिऱ्हाइकाला दिसता कामा न्हाई. धाकटीचं लगीन व्हायचंय अजून.” त्यांनी गवंडी बोलावून स्वयंपाकघर आणि हॉलच्या मधल्या भिंतीत कमरेइतक्या उंचीवर एक खिडकी पाडून घेतली. ताट जाईल, चेहरा जाणार नाही. आचारी कोण म्हणून कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं – भैरू. भैरू आमचा वेटर. त्याला चहासुद्धा धड येत नव्हता. त्या धाकट्या नणंदेचं लग्न झालं, तिच्या मुलींचीही झाली, पण सवय काही मोडली नाही. आमचे हे गेले, आठ वर्षांपूर्वी सुरभीला कुलूप लागलं, तोवर मी मागच्या दारानेच आत-बाहेर करत राहिले.

आता जागा बिल्डरला दिली होती. मी तीन आठवड्यांनी येणाऱ्या रविवारी माझ्या मुलाकडे, शार्दूलकडे हैदराबादला कायमची जाणार होते. तिकीट काढून झालं होतं. त्या मधल्या दिवसांत ही वेबसिरीज आली. ऐंशीच्या दशकातल्या कारखान्यातल्या माणसांची गोष्ट, आणि तिच्यातला बार म्हणजे आमची सुरभी.

“आजी, काका, तुमची ओळख झाली पण?” सेट उभा करणाऱ्या टीममधली पूर्वी धावत आली. जेमतेम पंचवीसची, कानात दोन्हीकडे वेगवेगळे डूल. “हे हरिहर खळदकर. दुचाकीच्या कारखान्यात टूलरूमला होते. जुने कस्टमर! मला या जागेचा सगळा इतिहास हवाय. कोण कुठे बसायचं, काय खायचं, सगळं. काका हॉलचं सांगणार, आजी किचनचं.”

“किचनचं?” खळदकरांनी माझ्याकडे पाहिलं.

“हिशेबाला... सामानाला... मागे असायचे मी,” मी पुटपुटले.

सवय. दुसरं काय?

मग रोज दुपारी आम्ही तिघं हॉलमध्ये बसू लागलो. पूर्वी लिहायची आणि आम्ही भांडायचो.

“भिंती हिरव्या होत्या,” ते म्हणायचे.

“निळ्या. रंगाचा डबा माझ्या अंगणात पडलेला असायचा.”

“डबा निळा असेल. भिंत हिरवी होती. मी पंधरा वर्षं तिच्याकडे बघत बसलोय.”

“बिअर पिऊन बघितलीत, मग हिरवीच दिसणार.”

“मी कधी थेंबही घेतला नाही, बाई!” ते एकदम ताठ झाले. “माझं नावच सोडा पाडलं होतं सगळ्यांनी. घरी आईला अंडं चालायचं नाही. म्हणून इथे यायचो. सोडा आणि भुर्जी. सात नंबरच्या टेबलावर.”

मी चहाचा कप खाली ठेवला.

सात नंबर! दर आठवड्याला भैरूची हाक यायची, ‘सात नंबर, एक भुर्जी, मिरची जास्त, एक सोडा!’ आणि परत येणारी ताटली अशी स्वच्छ, की घासायची गरज नाही. पंधरा वर्षं मी त्या ताटलीवरून एका माणसाला ओळखत होते. तो म्हातारा असेल, जाडा असेल, टकला असेल, असं मनात काय काय रंगवलं होतं मी. ...तो समोर बसला होता. भिंत हिरवी म्हणत होता.

“भैरूच्या हाताला काय चव होती म्हणून सांगू!” ते पूर्वीला सांगू लागले. “अशी भुर्जी मी पुन्हा कुठे खाल्ली नाही.”

मी मान खाली घातली. सांगावं? आत्ताच सांगून टाकावं? पण त्यांनी पुढे मिरचीचं कौतुक सुरू केलं, आणि ते थांबवणं माझ्या जिवावर आलं.

एक दिवस पूर्वीने स्क्रिप्ट वाचून दाखवली. “शनिवारची संध्याकाळ. बार खचाखच भरलेला...”

“शनिवार नाही, बुधवार!”

आम्ही दोघं एकदम बोललो. एकाच दमात, एकाच सुरात. मग एकमेकांकडे पाहिलं, आणि दोघांनीही नजर वळवली.

“बुधवार का?” पूर्वी गोंधळली.

“या भागात कारखान्यांना सुट्टी गुरुवारची,” खळदकर म्हणाले. “शनिवारी इथे माश्या असायच्या. बुधवारी पहिली शिफ्ट सुटली की...”

“...की चारपासून तवा खाली उतरायचा नाही,” मी म्हणाले. “आणि गुरुवारी दत्ताचा वार, म्हणून निम्मे लोक बाराच्या आत अंडी संपवायच्या घाईत.”

“बरोब्बर!” ते खुर्चीतून पुढे झुकले. “तुम्हाला तव्याचं इतकं बारीक कसं माहीत?”

“वास यायचा ना, घरात.”

त्या दिवसापासून मला घरात चैन पडेना. खोक्यात भरलेल्या साड्या मी रोज एकेक बाहेर काढायला लागले. अबोली झाली, मोरपंखी झाली. दुपारचे दोन वाजायच्या आधीच पाय हॉलकडे वळायचे. मग आपण फार लवकर आलो म्हणून परत घरात, परत अंगण, परत खिडकीशी. शार्दूलचा फोन आला, “आई, पॅकिंग कुठवर आलं?” मी म्हटलं, “चाललंय.” चाललं होतं खरं... उलट्या दिशेने.

एका दुपारी त्यांनी आपणहून जुनी एक गोष्ट सांगितली. “नव्व्याण्णव साली माझी चाकणला बदली झाली. शेवटच्या बुधवारी मी भैरूला म्हटलं, चल माझ्याबरोबर. नोकरी सोडतो, आपण चाकणला खानावळ काढू. तुझा हात आणि माझी मेहनत. तो नुसता हसत सुटला.”

“गमतीत म्हणाला असाल.”

“अर्धं गमतीत.” त्यांनी खिशातली पट्टी काढून पुन्हा नीट बसवली. “अर्धं नाही.”

मला तो बुधवार लख्ख आठवत होता. भैरू खिडकीत वाकून म्हणाला होता, ‘वयनी, एक येडा मला चाकणला न्यायला निघालाय!’ आम्ही दोघं खूप हसलो होतो. आणि मग माझ्याकडून मीठ दोनदा पडलं होतं, एकाच कढईत. पुढच्या बुधवारी सात नंबरची हाक आली नाही. त्याच्याही पुढच्या बुधवारी नाही. कुणाला काय सांगणार? ताटलीची आठवण येते म्हणून?

शूटिंग जवळ आलं तेव्हा लक्षात आलं, मधल्या खिडकीचं सरकतं झाकण लाकूड फुगून अडकलंय. खळदकर दुसऱ्या दिवशी कानस आणि पटाशी घेऊन हजर. ते हॉलच्या बाजूने तासत होते, मी आतून झाकण धरून होते. फळी एकदाची सरकली आणि त्यांचा हात खिडकीतून आत आला.

“दिसतंय का काही?” पलीकडून आवाज.

“हात दिसतोय.”

“कसा आहे?”

“एक बोट आखूड आहे.”

“मिलिंग मशीनने खाल्लं, सत्याऐंशी साली. बाकीची नऊ शाबूत आहेत. मोजून घ्या.”

“मोजायची तर दुसरा हातही लागेल.”

दुसरा हात आला. लाकडाच्या भुशाने माखलेला, तळवा वर केलेला, वाट पाहत असलेला. मी मोजली नाहीत. त्यात चहाचा कप ठेवला. ठेवताना बोटांना बोटं लागली, आणि कप दोघांच्या हातांत नको इतका वेळ राहिला.

“गरम आहे,” मी म्हणाले.

“चहा?”

मी पटकन हात मागे घेतला. पलीकडे ते हसत होते, आवाज न करता. पण मला कळलं.

सोमवारी शूटिंग सुरू झालं. सकाळपासून नुसती धावपळ, वायरी, दिवे, छत्र्या. हिरोने भुर्जी खायची होती. पण पहाटे करून आणलेली भुर्जी उन्हाने आंबूस झाली आणि त्याने तोंड फिरवलं. पूर्वी मागच्या दाराशी रडकुंडीला येऊन उभी. “आजी, तुम्हाला भुर्जी येते?”

“येते थोडीफार.”

मी पदर खोचला. कांदा बारीक, मिरची चिरलेली नाही, ठेचलेली. अंडी फोडून थेट तव्यात, वर धने-जिऱ्याची चिमूट, आणि ओलसर आहे तोवरच खाली. त्याच तव्यावर स्लाइस शेकल्या. पहिली ताटली खिडकीतून सरकवली. पूर्वीने ती खळदकरांपुढे धरली, “काका, दिसायला अशीच असायची ना?”

त्यांनी फक्त बघायची होती. त्यांनी घास घेतला.

मी वाकून पाहत होते. चावता चावता त्यांची हनुवटी थांबली. चमचा खाली गेला. ते उठले, सरळ खिडकीशी आले, आणि कमरेत वाकून त्यांनी आत पाहिलं. तव्यासमोर मी. हातात उलथनं, कपाळावर घाम.

“भैरू,” ते म्हणाले, “मिशी कधी काढलीस?”

मला हसू आवरेना. तेही हसले, पण मधेच थांबले. “म्हणजे इतके दिवस मी तुमच्यासमोर बसून भैरूचं कौतुक करतोय, आणि तुम्ही खुशाल ऐकताय!”

“ऐकायला बरं वाटत होतं.”

“आणि चाकणचं? ते विचारलं होतं मी, ते...”

“त्याच दिवशी पोचलं होतं माझ्यापर्यंत. पण तेव्हा मला संसार होता, तुम्हालाही होता. मी काय निरोप पाठवणार होते?”

त्यांचा चेहरा इतका मऊ झाला की मी उलथनं खाली ठेवलं. काहीतरी बोलणार होते ते. अगदी ओठांवर आलं होतं... तेवढ्यात पूर्वी मधे आली, “आजी, कसली भारी आहे ही! हैदराबादला जायच्या आधी मला रेसिपी लिहून द्यायची हां. रविवारी चाललात ना, कायमच्या?”

खळदकर सरळ झाले. त्या खिडकीतून आता फक्त त्यांच्या शर्टाची बटणं दिसत होती.

“रविवारी?” बटणांवरून आवाज आला.

“मुलाकडे... जागा दिली ना बिल्डरला. सांगणारच होते मी.”

“कधी? रविवारी?”

मी आणखी वाकून त्यांचा चेहरा शोधू लागले.

“मागच्या खेपेला भैरू निदान तोंडावर तरी हसला होता,” ते म्हणाले, आणि निघून गेले. ताटलीत भुर्जी तशीच. पंधरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

मंगळवारी ते आले नाहीत. बुधवारीही नाहीत. मी घरातून हॉलमध्ये, हॉलमधून फाटकाशी. हायवेवरच्या प्रत्येक बसमधून उतरणारी माणसं बघत होते. खोकी भरली, सोडली, भरली. त्यांना खोटं वाटलं असेल? की मी दुसऱ्यांदा त्यांची गंमत केली असं? रागावले असतील तर बरं, रागावलेला माणूस परत येतो. पण त्यांनी मनाची समजूत घातली असेल तर? मग रविवार येईल आणि मी विमानात बसेन, झालं.

“आजी, फोन करा ना,” पूर्वी म्हणाली. सेट उतरवणं चाललं होतं.

“फोनवर काय बोलू?”

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, मग पर्समधून एक फॉर्म काढला. सेटवर यायच्या पाससाठी त्यांनी भरलेला. टूलरूमच्या माणसाचं अक्षर, रेखीव. पत्ता चाकणचा.

गुरुवारी सकाळी मी मोरपंखी नेसले आणि निघाले. निगडीहून भोसरी, भोसरीहून चाकणची बस. मोशी गेल्यावर बस रांगायला लागली, चाकणजवळ थांबलीच. दोन्ही बाजूंना कंटेनर. कंडक्टर म्हणाला, “ताई, अर्धा तास तरी हलत नाही आता.” मला अर्धं मिनिटही बसवेना. उतरले. तळेगाव चौकातून, ट्रकांच्या धुरातून, पदर नाकाला लावून चालत राहिले. एका रिक्षावाल्याला पत्ता विचारला, एका मेडिकलवाल्याला. छाती धडधडत होती, आणि त्यात चालण्याचा दोष फार नव्हता.

लहानसं रो-हाउस. दार उघडं. खळदकर बनियनवर जमिनीवर बसलेले, पुढे कुणाचा तरी बिघडलेला मिक्सर, आणि वर्तमानपत्रावर त्याचे स्क्रू उंचीप्रमाणे ओळीने मांडलेले.

“तुम्ही?” ते उठायला गेले, दोन स्क्रू घरंगळले. “कशा आलात?”

“बसने. पुढे चालत.”

“त्या कंटेनरांमधून? काही अक्कल...” ते थांबले. “पाणी देतो.”

“पाणी नको. बसा तुम्ही. मला बोलू द्या, नाहीतर राहून जाईल.”

ते बसले. मी उंबऱ्यातच उभी होते.

“मला हैदराबादला जायचं नाही, हरिहरराव. कधीच नव्हतं जायचं. पण न जायला कारण काय सांगू शार्दूलला? एकटी बाई, जागा गेलेली. कारण नव्हतं. मग कारण मिळालं. रोज दोन वाजता यायला लागलं. आणि नेमकं सांगायची वेळ आली, तर दोन दिवस फिरकलंच नाही.”

त्यांच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर हलायचा थांबला. “कारण म्हणजे... मी?”

“आणखी कोण आहे इथे? मिक्सर?”

ते हसले नाहीत. “मला वाटलं, जाणाऱ्या माणसाची सवय लावून घेऊ नये. बायको जाऊन नऊ वर्षं झाली, अरुंधतीबाई. पुन्हा एकदा तेच सहन करायचं म्हणजे...”

“मी जात नाहीये म्हणते ना!” माझा आवाज चढला. “मला तुमच्याबरोबर राहायचंय. लग्न करून, चारचौघांत. चोरून, मागे राहून मला आता काहीही करायचं नाही. शार्दूल रागावेल, नणंद तोंड वाकडं करेल... करू दे. मी विचारते तुम्हाला. करता का माझ्याशी लग्न?”

रस्त्यावर कुठेतरी कंटेनरने हॉर्न दिला. खळदकर उठले. त्यांनी स्वतःकडे पाहिलं, बनियनकडे, ग्रीस लागलेल्या हातांकडे.

“थांबा,” ते म्हणाले आणि आत गेले.

“अहो, कुठे निघालात?”

“शर्ट घालून येतो. बनियनवर हो म्हणायचं नाही मला.”

मी तिथेच, उंबऱ्यावर बसले. आत कपाट उघडलं, बंद झालं. नळ सुटला. साबणाचा वास आला. मग बराच वेळ काहीच नाही.

“काय करताय एवढं?”

“इस्त्री!”

“सदुसष्ट वर्षांची आहे मी, हरिहरराव! किती थांबवाल?”

ते आले. निळा शर्ट, पुढून इस्त्री केलेला, बाह्या तशाच चुरगळलेल्या. केस पाण्याने चापून बसवलेले. घाईत बटणं एक घर चुकून लावलेली. कंपनीच्या गेटवर नव्या साहेबासमोर उभं राहावं तसे ते माझ्यासमोर उभे राहिले.

“हं,” ते म्हणाले. “आता विचारा.”

मी उठले. ती चुकलेली बटणं वरपासून खालपर्यंत सोडवली, नीट लावली, आणि पुन्हा पहिल्यापासून विचारलं.